किसन साळव्यांच्या अनेक आया

किसन साळव्यांची आई मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती त्यांच्याहून वयानं लहान होती. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा ती सत्तरीला टेकली होती आणि एका कानानं ठार बहिरी होती. पुढच्या खेपेला तिची उंची वीतभर वाढली होती. तेव्हापासून मी लक्ष ठेवायला लागले, आणि माझं हसं व्हायला सुरुवात झाली तीही तिथूनच.

दौंडला रेल्वेचा एक छोटा दवाखाना होता. लोको शेडच्या धुरानं भिंती काळवंडलेल्या, दारात लाकडी बाक, आत डॉक्टरांची खोली आणि माझी खोली. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी तिथं नर्स म्हणून लागले. पुण्यात ट्रेनिंग संपवून नुकतीच बाहेर पडलेली. टोपीला इतकी खळ घालायची की इंजेक्शन द्यायला वाकले की सुईच्या आधी टोपीच पेशंटला टोचायची. सगळे नियम मला तोंडपाठ होते आणि ते इतरांनाही पाठ असावेत असं वाटायचं. आज माझ्या गोळ्यांच्या वेळा नातवंडं पाळतात, आणि मी बीपीची गोळी गालात धरून नंतर तुळशीत टाकते. ती कुसुम आणि ही कुसुम समोरासमोर आल्या, तर पहिली दुसरीची तक्रार नक्की करेल.

नियम असा होता. रेल्वेत नोकरी करणारा माणूस, त्याची बायको, मुलं आणि त्याच्या आधारानं जगणारी विधवा आई, एवढ्यांना सगळं फुकट. औषध, इंजेक्शन, वेळ पडली तर मुंबईच्या मोठ्या रेल्वे इस्पितळात ऑपरेशन आणि तिथवर जायचा पाससुद्धा. दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या माणसाला मात्र साधी ॲस्पिरिनही नाही.

साळवे लोको शेडमध्ये फिटर होते. उंच, काटक, बोलताना हातातल्या सुताच्या बोळ्यानं एकेक बोट पुसत राहायची सवय. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या बौद्धवाड्यातले. बायको-मुलं दौंडच्या क्वार्टरमध्ये राहायची, त्यांना डॉक्टर चेहऱ्यानं ओळखायचे, तेव्हा त्यांच्या जागी दुसरं कुणी घालता येत नव्हतं. आई मात्र गावाकडं होती. दौंडात तिला कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या काळी कार्डावर फोटो नसायचा. म्हणजे ‘सोनाबाई साळवे, आई’ ही एक मोकळी जागा होती. न्हावऱ्यातल्या ज्या बाईला दुखणं होईल ती एसटीनं यायची आणि त्या जागेत बसून जायची.

“आणि गावातल्या पुरुषांचं काय हो, साळवे?” मी एकदा खोचकपणे विचारलं.

“त्यांची सोय न्हाई, शिस्टर. बाप जिता असता तर बघितलं असतं.”

त्या पहिल्या आईची गोष्ट सांगते. मी नाव विचारलं, तिनं सोनाबाई सांगितलं. वय विचारलं. बाईनं साळव्यांकडं पाहिलं, साळव्यांनी शेडकडं पाहिलं.

“लिवा पंचावन्न.”

“पंचावन्न? या?”

“कष्ट न्हाई केलं कवा तिनं,” साळवे बोटं पुसत म्हणाले. “टवटवीत ऱ्हायली.”

त्या बाईच्या हाताला ज्वारी काढून पडलेले घट्टे होते. मी ताडकन उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर मध्यम वयाचे, सदा कंटाळलेले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी माझं पूर्ण भाषण ऐकून घेतलं.

“सिस्टर, तिच्या काखेत गाठ आहे ती खरी आहे का?”

“हो.”

“मग आई खोटी आहे म्हणून गाठीला काय सांगू? परत जा?”

मला वाटलं, वा, काय थोर माणूस. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, “पण महिनाअखेरीला औषध संपलं की शिव्या खायला तुम्ही पुढं व्हायचं. मी आत असेन.”

आणि औषध संपायचंच. दौंडची माणसं धरून साठा यायचा, न्हावरे धरून नाही. एकदा एका गार्डची बायको खोकल्याचं औषध घ्यायला आली आणि बाटली कोरडी निघाली. तिनं बाकावर बसलेल्या दोन ‘सोनाबाईं’कडं बोट दाखवलं (त्या दिवशी हिशेब चुकून दोघी एकदम आल्या होत्या) आणि म्हणाली, “आमचा माणूस दिवसरात्र गाडीवर असतो. त्याच्या पोरांचं औषध ह्यांनी प्यायचं का?” तिचं काय चुकलं होतं? मी मनात टाळ्या वाजवल्या. साळवेही तिला उलट बोलले नाहीत. ती गेल्यावर मला म्हणाले, “बाई खरं बोलली. डबा लहान हाय. पण डबा लहान हाय म्हणून पंगतीतनं माणसं उठवायची, का डबा मोठा करायचा?”

“डबा मोठा करणारा मी नाही,” आतून डॉक्टरांचा आवाज आला.

या सगळ्यात रंग भरला तो आप्पांनी. आप्पा म्हणजे न्हावऱ्याचे पाटील, मोठे बागायतदार. सोसायटीत शब्द चालायचा, गावात त्यांच्यासमोर कुणी विडी ओढत नसे. दुष्काळात विहिरी आटल्या, घरात रोकड उरली नाही, आणि नेमका त्याच वर्षी त्यांच्या बायकोचा, गयाकाकूंचा, मोतीबिंदू पिकला. काकूंना चुलीतला जाळ दिसेना. तेव्हा आप्पांनी साळव्यांना निरोप धाडला. गावात ज्या माणसाला त्यांच्या ओट्याची पायरी चढायची मुभा नव्हती, त्याच माणसाची आई व्हायला गयाकाकू दौंडला आल्या. पिण्याचं पाणी त्यांनी घरूनच तांब्यात आणलं होतं. साळव्यांनी तो तांब्या पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

“दवाखान्याच्या दारात आई,” ते मला हळूच म्हणाले. “वेशीत पोचलं की पाटलीणबाई.”

आप्पा सोबत आले होते, म्हणून त्यांना मामा व्हावं लागलं. मामांना बाकावर बसवलं आणि शेजारी साळवे बसले. न्हावऱ्यात हे दोघं एका बाकावर बसलेले कुणी पाहिले नसतील. आप्पा आधी जरा सरकले, मग बाक संपला म्हणून थांबले. आणि तिथं जो वाद सुरू झाला तो पुढं काही वर्षं चालला.

“किसन, तू करतोस ते ठीक हाय,” आप्पा म्हणाले. “पण फुकट मिळालं की माणसाला किंमत ऱ्हात न्हाई. ज्याचं त्यानं भागवावं. सरकार म्हंजी काय कल्पवृक्ष हाय?”

“आप्पा, तुमी आज कुणाचं कोण म्हणून बसलाय हितं?”

“ते येगळं. अडचण हाय.”

“आजारी पडल्यावर सगळ्यांचीच अडचण असती. दुखणं काय नोकरी बघून येतं व्हय? मी इंजिन दुरुस्त करतो म्हणून माझा डोळा सरकारचा, आन् माझा भाऊ रान नांगरतो म्हणून त्याचा डोळा त्याचा त्याचा. ही कुठली वाटणी?”

“मग पैसा कुठनं आणायचा एवढा?”

“रस्त्याला कुठनं आणला? न्हावऱ्याच्या रस्त्यावर चालताना तुमी दर पावलाला पैसं टाकता का? दवाखाना म्हंजी आजाऱ्याचा रस्ता हाय, आप्पा.”

“रस्त्यावर माणूस आपल्या पायानं चालतो,” आप्पा म्हणाले. “तू तर पालखीत बसवाया निघालाय.”

मी आत इंजेक्शनच्या सुया उकळत ऐकत होते. खरं सांगायचं तर दोघांचंही मला पटायचं, ज्याचं शेवटी ऐकलं त्याचं जास्त. गयाकाकूंना मुंबईचा पास मिळाला. आधी एक डोळा झाला, काही महिन्यांनी दुसरा. जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्यातून त्यांचे डोळे बशीएवढे दिसायला लागले. दुसऱ्या खेपेला त्या तांब्या आणायला विसरल्या आणि साळव्यांच्या क्वार्टरमध्ये चहा प्याल्या. हे कुणी बोललं नाही, पण साळव्यांच्या बायकोनं ती कपबशी कितीतरी दिवस वर ठेवून दिली होती.

आता माझं हसं. मला वाटलं, हा प्रकार कुणीतरी उजेडात आणला पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. एका रविवारी साधं लुगड्यासारखं दिसणारं पातळ नेसले, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि चौफुल्याला गाडी बदलून न्हावऱ्याच्या एसटीत बसले. गुप्तपणे चौकशी करायची, खरी सोनाबाई शोधायची आणि पुराव्यानिशी वरच्या साहेबांना कळवायचं, असा बेत. न्हावऱ्याच्या स्टँडवर पाय ठेवला आणि कांद्याच्या पिशव्या शिवणारी एक बाई मोठ्यांदा म्हणाली, “अगं, रेल्वेच्या शिस्टरबाई आल्या. डोळं आल्यात वाटतं त्यांचं.” निम्म्या गावाला मी सुया टोचल्या होत्या, हे माझ्या लक्षातच नव्हतं. दोघीतिघींनी चहाला ओढलं. एकीनं दंड पुढं करून टोचल्याची जागा अजून दुखते म्हणून दाखवली.

मी हार मानली नाही. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला करारी आवाजात विचारलं, “साळव्यांची आई कुठं राहते?”

“कंची?” तो म्हणाला. “चालू का खरी?”

खरी सोनाबाई बौद्धवाड्याच्या कडेला दोन खणांच्या घरात होती. दारात बसून शेंगा सोलत होती आणि टरफलं डब्यात आणि दाणे जमिनीवर टाकत होती. मी जवळ गेले तरी तिनं मान वर केली नाही. सावली पडल्यावर म्हणाली, “कोण हाय ते? उजेड सोडा वाईच.”

मी खाली बसून तिचा चेहरा वर केला. दोन्ही बाहुल्या पांढऱ्या. उजवी तर दह्यासारखी घट्ट झाली होती.

माझा सगळा बेत तिथंच गळाला, कारण एक गोष्ट माझ्या नियमबाज डोक्यात लख्ख शिरली. रेल्वेच्या लेखी सोनाबाई साळवेंचे दोन्ही डोळे कधीच बरे झाले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी तसं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, वर चष्माही दिला होता. मोतीबिंदू एकदा काढला की त्याच डोळ्याला परत येत नाही, हे शिकाऊ नर्सलाही ठाऊक असतं. त्या मोकळ्या जागेत गावातल्या सगळ्या बायांना बसता आलं. जिची जागा होती, तिलाच आता तिथं बसता येणार नव्हतं.

सोमवारी मी साळव्यांना बाकावर गाठलं.

“आईला आधी का नाही आणलंत?”

“तवा तिचा एकच डोळा धरला व्हता. म्हणाली, दुसरा हाय की मला. काकूला आधी ने, तिला काय बी दिसत न्हाई.” ते बोटं पुसायला लागले. “मला वाटलं, थांबंल.”

“मग आता डॉक्टरांना खरं सांगून टाका. नियम माणसांसाठी असतात, साळवे.” हे वाक्य मी ट्रेनिंगच्या निरोपसमारंभात ऐकलं होतं आणि वापरायची संधीच शोधत होते.

“खरं सांगितलं तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर कार्ड जाईल. कार्ड गेल्यावर तिचं डोळं कशावर काढू? तुमच्या वाक्यावर?”

“मग पुण्याचा सरकारी दवाखाना आहे. तिथं कुणी नोकरी विचारत नाही. फुकट आहे.”

“हाय की. लायनीत बसायचं, तारीख घ्यायची, परत यायचं. पलंग गावला तर एक माणूस तिच्या उशाशी बसवायचा, आठवडा न्हाई, दोन न्हाई, सांगता येत न्हाई. माझी रजा सगळी ह्या आयांना मुंबईला न्यायात गेली. बायकोच्या अंगावर धाकटं पोर. शिस्टर, फुकट हाय, पण फुकटाला बसायला माणूस लागतो.”

मग मी आणखी एक शहाणपणा केला. पुढच्या रविवारी पुन्हा न्हावऱ्याला गेले, या वेळी काळ्या चष्म्याशिवाय, आणि आप्पांच्या ओट्यावर उभं राहून त्यांना माणुसकीवर व्याख्यान दिलं. दोन वाक्यांतच त्यांनी हात वर केला.

“बाई, मला कळतंय. तिच्या नावावर आमची बघती. पुण्यात डोळ्यांचा खासगी डॉक्टर हाय माझ्या वळखीचा. यंदा कांदा बरा झालाय. सगळा खर्च माझा. किसनला सांगा.”

गयाकाकू आतल्या दाराशी तांदूळ निवडत होत्या. बशीएवढ्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

मी विजयी मुद्रेनं दौंडला आले. साळव्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “न्हाई.”

“न्हाई म्हणजे?”

“आप्पानं पैसं दिलं म्हंजी फिटलं. उद्या परत ह्या बाकावर बसून म्हणणार, ज्याचं त्यानं भागवावं, मी न्हाई का भागवलं? मला फेड नको. आप्पाच्या तोंडून मला एकदा ऐकायचंय, की दवाखाना सगळ्यांचा पायजे. ते म्हणू द्या, मग बघू.”

“आणि तोवर आईनं काय करायचं?”

शेडमध्ये इंजिनानं वाफ सोडली. “थांबंल ती,” साळवे म्हणाले आणि कामावर गेले.

मी या माणसाचं कौतुक लिहायला बसले आहे, तरी हे सांगितलं पाहिजे. दुसऱ्यांसाठी नोकरी पणाला लावणाऱ्या माणसाला स्वतःचं म्हणणं खाली ठेवता आलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच हाडाच्या होत्या. त्यांची आई हे माझ्या आधीपासून ओळखून होती. निरोप तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती चारचौघींत म्हणाली, “किसनला माझं डोळं न्हाई पायजेत. त्याला आप्पाचं तोंड पायजे. मी पुरती आंधळी झाले तर त्याचं भाषण आणिक चांगलं व्हईल.”

ही गोष्ट गावभर झाली. आप्पा हसले म्हणे. गयाकाकू हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांना विचारलं नाही, साळव्यांना कळवलं नाही. काही महिने गेले तरी साळवे हलेनात, तेव्हा त्या एका सकाळी बोचकं घेऊन बौद्धवाड्यात गेल्या, सोनाबाईला हाताला धरून बाहेर काढलं आणि दोघी पुण्याच्या एसटीत बसल्या. जाताना शेजारणीला एवढंच सांगितलं, “आमच्या ह्यांना सांगा, भाकरी शेजारनं घ्या. दिस लागतील.”

माझं माहेर पुण्यात. सुट्टीत मी त्या सरकारी दवाखान्यात डोकावले. लांबलचक वॉर्ड, फिनेलचा वास, पलंगांच्या मधल्या जागेतही पेशंट. कडेच्या पलंगावर सोनाबाई उताणी पडलेली, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर असंच दिवसचे दिवस पडून राहावं लागायचं. पलंगाखाली अंथरलेल्या पोत्यावर गयाकाकूंचा संसार. त्या तिला भात भरवत होत्या. न्हावऱ्याची पाटलीण, डोक्यावर पदर, जाड चष्मा, एका हातात वाटी. थोड्या वेळापूर्वी त्याच हातानं त्यांनी बेडपॅन धुवून आणला होता.

“शिस्टर, हिला सांगा,” पट्टीखालून सोनाबाई म्हणाली. “भात पार चिखल करती. पाटलाच्या घरात असलाच खात्यात काय?”

“गप गिळ,” काकू म्हणाल्या. “मान हलवू नको. डॉक्टर मला बोलतो.”

तेवढ्यात वॉर्डची सिस्टर नोंदी घेत आली. काकूंना म्हणाली, “तुम्ही यांच्या कोण?”

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना दवाखान्यांची सवय होती, इथं योग्य उत्तर कुठलं असतं ते माझ्याकडून कळावं म्हणून त्या थांबल्या. मी तोंड उघडलं. बहीण सांगावं, जाऊबाई सांगावं, माझ्या डोक्यात नियमांची उलथापालथ चालली होती. तोवर काकूच म्हणाल्या, “कुणी न्हाई. एका गावच्या हाय आमी.”

“नातं काय लिहू?”

“काय बी नका लिवू.”

त्या सिस्टरला घाई होती. तिनं नात्याच्या जागी एक आडवी रेघ ओढली आणि पुढच्या पलंगाकडं गेली. काही अडलं नाही. मी कितीतरी वेळ त्या रेघेचाच विचार करत होते. नात्याच्या जागी रेघ असली तरी औषध चालतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

एक डोळा वाचला. डावा. उजवा फार पिकला होता, आतून दाब वाढून नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणलं असतं तर. त्या डोळ्याला पुढं फक्त उजेड-अंधार कळायचा.

साळवे रजा मिळवून दवाखान्यात पोचले तेव्हा पट्टी निघाली होती. आईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “लई काळा झालास रं.” एवढंच. ते परत आले आणि बरेच दिवस बाकावर बसले नाहीत. शेडमधून सरळ घरी जायचे.

पण स्वभाव कुठं जातो? पावसाळा सरता सरता आप्पा काही कामानं दौंडला आले, आणि बाकावर वादाला पुन्हा तोंड फुटलं.

“बघ किसन,” आप्पा म्हणाले. “सरकारनं न्हाई, कार्डानं न्हाई. माणसानं माणसाचं केलं. मी काय म्हणत व्हतो?”

“पलंग कुणाचा व्हता, आप्पा?”

“पलंग सरकारचा.”

“डॉक्टर?”

“सरकारचा.”

“मग?”

“भात कुणाचा व्हता?” आप्पा म्हणाले.

मग आप्पांनीच त्यांच्यापुढं पानाची चंची केली आणि साळव्यांनी सुपारीचं खांड उचललं. आप्पांनी त्यांना हवं असलेलं वाक्य त्या दिवशी म्हटलं नाही, पुढंही कधी म्हटलं नाही. गावात काय बदललं, असं मी सोनाबाईला विचारलं होतं. ती म्हणाली, “गया ओट्यावर बस म्हणती. मीच बसत न्हाई. मला अजून त्या ओट्यावरनं काय दिसंल ते ठाव न्हाई.”

मग कार्डावर फोटो आला. न्हावऱ्याच्या आया बंद झाल्या. कंटाळलेले डॉक्टर बदलून गेले आणि जाताना साळव्यांबद्दल वर काहीही लिहून गेले नाहीत. ते दयेनं की आळसानं, हे मी ठरवू शकलेले नाही. माझं लग्न झालं, टोपीची खळ कमी झाली, पुण्याच्या रेल्वे इस्पितळात बदली झाली आणि हळूहळू मी सीनियर सिस्टर म्हणून ओळखली जाऊ लागले. माझ्या मागं नवीन पोरी आल्या. त्यांना मी काय बोलायची ते आठवलं तरी कानशिलं तापतात.

दशक सरत आलं तेव्हा साळवे तिथंच दाखल झाले. कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं भरली होती. हक्काचे पेशंट, हक्काची खोली. दोन पलंगांची, खिडकीतून फाटक दिसणारी. दुसरा पलंग रिकामा होता. दुपारी मी औषध द्यायला गेले की ते धापा टाकत बोलायचे, बोलू नका म्हटलं तरी. हातात बोळा नव्हता, चादरीच्या टोकानं बोटं पुसायचे. एकदा मध्येच म्हणाले, “आईचा एक डोळा माझ्या तोंडानं खाल्ला, शिस्टर.” मी औषधाचा चमचा पुढं केला. अशा वेळी काय बोलायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

शनिवारी दुपारी ते खिडकीकडं मान करून पडले होते.

“ह्या पलंगावर कोण हाय?”

“कुणी नाही.”

“कवाधरनं?”

“तुम्ही यायच्या आधीपासून.”

“फाटकाशी एक बाई बसलीया. काखेत पोर हाय. सकाळपासनं खोकतंय. हितनं ऐकू येतंय मला.”

मी पाहिलं. बाई होती, मूल होतं. वॉचमन तिला हात करून काहीतरी सांगत होता.

“ती रेल्वेची नाही, साळवे.”

“ते कळतंय मला.” थांबून त्यांनी दम घेतला. “पलंग बी कुणाचा न्हाई.”

“बघते,” मी म्हटलं.

इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला ‘बघते’चा अर्थ सांगावा लागत नाही. त्यांनी वाद घातला नाही. मान भिंतीकडं वळवली आणि डोळे मिटून घेतले.

रविवारी माझी सुट्टी होती. सोमवारी ड्यूटीवर गेले तर त्या खोलीत दोन पलंग रिकामे होते. दोन्हींवर धुतलेल्या चादरी होत्या आणि त्यांचे कोपरे, मीच नव्या पोरींना शिकवल्याप्रमाणे, नीट दुमडून आत खोचलेले होते.